पेसेलबाईंचे टाके

१९४७ साली इंग्लंडात लुईसा पेसेल नावाची एक अविवाहित बाई वारली. मागे नवरा नाही, मुलंबाळं नाहीत. होते ते भरतकामाचे तुकडे, चारशेच्या वर. ग्रीक बेटांवरच्या बायकांनी भरलेले काठ, तुर्की कामाचे नमुने, कुठे अख्खं कापड तर कुठे नुसतीच वीतभर पट्टी. हे सगळं गाठोडं लीड्स विद्यापीठाकडे गेलं आणि तिथल्या वस्त्रसंग्रहात आजही ते बाईंच्या नावाने आहे. पुढे जग बाईंना विसरलं. त्यांना परत आणण्यात या गाठोड्याचा हात मोठा आहे.

मी हे भोपाळात बसून लिहिते आहे. माहेर निपाणीकडचं, सासर इथल्या चौकातलं. लीड्स मी पाहिलेलं नाही. संग्रहातली चित्रं संगणकावर पाहिली, बाईंविषयी मिळालं ते वाचलं, आणि वाचता वाचता लक्षात आलं, की ही गोष्ट माझ्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबते आहे. कशी, ते पुढे येईलच.

आधी बाईंना नाव देऊ. मराठी शाळेत गणिताच्या बाईंना आडनाव असतं. देशपांडेबाई, उपाध्येबाई, पाटीलबाई. शिवणाच्या बाई मात्र 'शिवणाच्या बाई'च. त्या शाळेत वीस-वीस वर्षं असतात, शेकडो मुलींच्या बोटांत सुई धरवतात, खाकी कागदावर चिकटवलेल्या चौकोनी तुकड्यांवर लाल शाईने गुण देतात. धावदोरा सहा, टीप पाच, रफू चार. पण गॅदरिंगच्या फोटोत त्या कडेला, आणि फोटोखालच्या नावांत 'व इतर'. म्हणून या मिस लुईसा फ्रान्सिस पेसेल यांना मी पेसेलबाई म्हणणार. शिवणाच्या बाईला एकदा तरी आडनावाने हाक मारून बघू.

पेसेलबाईंचा जन्म १८७० चा, ब्रॅडफर्ड शहरातला. ब्रॅडफर्ड म्हणजे लोकरीचं गाव. आपल्याकडे इचलकरंजी म्हटलं की मागांचा खडखडाट आठवतो, तसं तिथे लोकर पिंजणं, कातणं, रंगवणं आणि जगभर विकणं. या व्यापारासाठी जर्मनीतून आलेले इतके व्यापारी तिथे स्थिरावले, की त्यांच्या वखारींच्या भागाला 'लिटल जर्मनी' असंच नाव पडलं. बाईंच्या वडिलांचा धंदाही कापडाचाच. घर खाऊनपिऊन सुखी होतं. हे मुद्दाम सांगते, कारण गरीब घरातली मुलगी असती तर ती सुई घेऊन गिरणीत किंवा शिंपिणीच्या दुकानात गेली असती. पेसेलबाई लंडनला जाऊन रेखाटन शिकल्या, लुईस डे या त्या काळच्या नामांकित नक्षीकाराच्या हाताखाली.

१९०३ मध्ये त्या अथेन्सला गेल्या. तिथे भरतकामाची आणि लेसची एक शाळा होती. गरीब बायकांना सुईवर पोट भरता यावं म्हणून काढलेली. पेसेलबाई तिथे नक्षी काढून द्यायला गेल्या आणि नंतर शाळा चालवूही लागल्या. १९०७ पर्यंत होत्या. मला वाटतं, बाई खऱ्या शिकल्या त्या या वर्षांत. लंडनच्या वर्गात नक्षी आधी कागदावर येते आणि मग कापडावर उतरते. ग्रीक बेटांवरच्या बायका कागद जाणतच नव्हत्या. त्या कापडाचे दोरे मोजत. तीन वर, तीन खाली, दोन सोडून पुन्हा तीन. नक्षी बोटांत आणि आकड्यांत असायची. पेसेलबाई त्या जुन्या कामाचे तुकडे जमवू लागल्या, ते याच सुमारास.

आता मोजून भरायच्या कामाची गोष्ट निघाली आहे, तर माझ्या अव्वाचं इरकल आठवणारच. आमच्या सीमाभागात ज्याला कर्नाटकी कशिदा म्हणतात, धारवाडकडे कसुती, ते काम असंच चालतं. कापडावर पेन्सिलीची रेघ नाही. गोपुर, रथ, हत्ती, तुळशीवृंदावन, सगळं दोरे मोजून. त्यात गवंती नावाचा टाका आहे: एकदा धावदोरा घालत जायचं आणि परत येताना मधल्या मोकळ्या जागा भरत यायचं. गाठ मारायची नाही, आणि उलटी बाजू सुलटीसारखीच दिसली पाहिजे. अव्वा पदर उलटून दाखवायची आणि म्हणायची, "मागची बाजू बघ गं, पुढची कुणीबी भरतंय." हाच टाका सोळाव्या शतकात इंग्लंडात सदऱ्यांच्या कफांवर भरत. होल्बाइन या चित्रकाराने काढलेल्या सरदारांच्या चित्रांत तो इतका बारकाईने दिसतो, की इंग्रजीत टाक्याला त्याचंच नाव पडलं. गंमत बघा. टाका भरणारी एकही बाई ठाऊक नाही आणि टाक्याला नाव मिळालं तो रंगवणाऱ्या पुरुषाचं.

पेसेलबाईंनी अथेन्सहून परतल्यावर जे केलं ते नेमकं या मागच्या बाजूचं काम होतं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जुनी इंग्रजी भरतकामं आहेत. काचेआड ठेवलेलं ते काम विद्यार्थिनींना दुरून दिसायचं, पण टाका कसा घातला ते कळायचं नाही. पेसेलबाईंनी ते टाके ओळखून, सोडवून, स्वतः नव्याने भरून त्यांचे नमुने तयार केले. १९१२ पासून पुढच्या काही वर्षांत त्यांचे टाक्यांचे संच छापून निघाले: आधी जुन्या इंग्रजी कामातले, मग पूर्वेकडचे, मग पश्चिमेकडचे. प्रत्येक टाक्याची आकृती, सुई कुठून वर येते, कुठे खाली जाते. ज्याला आपण शाळेत 'शिवणाची फाईल' म्हणायचो, ती त्यांनी जगासाठी केली.

तोवर महायुद्ध सुरू झालं. पेसेलबाईंच्या आयुष्यातला मला सर्वांत जवळचा वाटणारा भाग इथे येतो, म्हणून जरा थांबते.

खंदकांतून परत येणाऱ्या काही शिपायांना वरवर जखम नसायची. पण हात थरथरत, वाचा जाई, झोप येत नसे, दाराचा आवाज झाला तरी ते पलंगाखाली शिरत. तोफगोळ्यांच्या धक्क्याने असं होतं, अशी तेव्हाची समजूत. १९१५ पासून वैद्यकीय लिखाणात त्याला 'शेल शॉक' हे नाव मिळालं. लष्करातल्या कितीतरी वरिष्ठांना ते भ्याडपणाचं सोंग वाटे. ब्रॅडफर्डमध्ये एब्रम पील नावाच्या रुग्णालयात असे शिपाई ठेवले होते. पेसेलबाईंनी त्यांच्यासाठी 'खाकी हस्तकला मंडळ' चालवलं आणि त्यांच्या हातात सुई दिली.

वाचून हसू येईल, पण जरा विचार करा. गड्यांच्या हातात, तेही बंदूक चालवलेल्या हातात, लोकरीचा दोरा. आणि सुईच का? मला वाटतं, उत्तर त्या मोजण्यात आहे. फुलीचा टाका घालायला चित्रकला यावी लागत नाही. दोन दोरे आडवे, दोन उभे, एक फुली. चुकलं तर उसवा, पुन्हा घाला. कुणी ओरडत नाही. हात थरथरला तरी सुई शेवटी कापडाच्या त्याच भोकातून जाते, कारण भोक ठरलेलं आहे. आणि मोजताना माणसाला दुसरं काही आठवायला जागा उरत नाही. आमच्याकडे जपमाळ ओढतात, १०८ मणी. त्याचंही काम थोडं असंच असतं, बाकी काही असो.

त्या शिपायांनी पेसेलबाईंच्या नक्षीवरून चर्चमधल्या वेदीपुढे सोडायचं एक मोठं वस्त्र भरलं. ते ब्रॅडफर्डच्या कॅथिड्रलकडे राहिलं आणि महायुद्धाची शताब्दी आली तेव्हा ते पुन्हा लोकांपुढे आलं. लंडनच्या सेंट पॉल कॅथिड्रलमध्येही जखमी शिपायांनी भरलेलं असंच एक वस्त्र आहे. त्याचे तुकडे वेगवेगळ्या रुग्णालयांत खाटेवर बसून भरले गेले आणि नंतर एकत्र जोडले गेले.

पण इथे मला एक प्रश्न पडतो, आणि तो पुढे भोपाळात कामाला येणार आहे. शिपायाच्या हातातली सुई म्हणजे औषध, की काम? औषध असेल तर बरं वाटलं की बंद. काम असेल तर त्याला मजुरी पाहिजे. १९१८ मध्येच इंग्लंडात अर्नेस्ट थेसिजर नावाच्या नटाच्या पुढाकाराने अपंग शिपायांचा भरतकामाचा एक उद्योग उभा राहिला. थेसिजर स्वतः युद्धात हात दुखावून परतला होता आणि स्वतः उत्तम भरायचा. त्याचं म्हणणं असं, की या माणसांना विरंगुळा नको, विकता येईल असा माल करता आला पाहिजे. घरी खिळलेले शिपाई पाठवलेली नक्षी भरत आणि त्याचे पैसे घेत. पेसेलबाईंचं मंडळ आणि थेसिजरचा उद्योग, दोन्ही एकाच सुमाराचे. एकात जीव सावरायचा, दुसऱ्यात पोट भरायचं. पोट न भरता जीव किती दिवस सावरलेला राहतो, हे विचारायला हवं होतं ते त्या शिपायांच्या बायकांना.

पेसेलबाईंचं पुढचं आयुष्य मानाचं गेलं. भरतकाम करणाऱ्यांचा 'एम्ब्रॉयडरर्स गिल्ड' हा संघ १९०६ मध्ये स्थापन झाला होता. १९२० मध्ये त्या त्याच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. नंतर त्या दक्षिणेकडे विंचेस्टरला राहायला गेल्या. १९३० च्या दशकात तिथल्या कॅथिड्रलसाठी गुडघे टेकायच्या आणि बसायच्या उशा भरायचं मोठं काम त्यांनी हाती घेतलं. सिबिल ब्लंट या चित्रकर्तीने उशांवरची इतिहासाची चित्रं आखली, टाके पेसेलबाईंनी ठरवले, आणि गावातल्या बायकांनी आधी नमुन्याचं कापड भरून परीक्षा द्यायची, मगच उशीला हात लावायचा. अशा शेकडो उशा झाल्या. बऱ्याचशा अजून तिथेच आहेत, लोक त्यांवर बसतात. भरतकामाचं हेच होतं. चित्र भिंतीवर टांगतात, उशीवर बसतात.

मग बाई विसरल्या गेल्या. टाके राहिले, पुस्तकांतल्या आकृत्या दुसऱ्यांनी उचलल्या, उशा झिजल्या. २०१९ मध्ये ट्रेसी शेवालिए या कादंबरीकर्तीने विंचेस्टरच्या त्या भरणाऱ्या बायकांवर कादंबरी लिहिली आणि तिच्यात पेसेलबाई खऱ्या नावाने आल्या, तेव्हा पुष्कळांना पहिल्यांदाच कळलं की अशी कुणी होती.

आता सरळ बोलते. पेसेलबाई सापडल्या, कारण त्यांना सापडण्यासारखं काही मागे ठेवता आलं. राहायला घर होतं, तुकडे ठेवायला पेट्या होत्या, छापणारा प्रकाशक होता, विद्यापीठ 'आणा' म्हणालं. हे त्यांचं श्रेय कमी करत नाही. पण ज्या ग्रीक बायकांनी ते मूळचे काठ भरले, त्यांच्यातल्या कुणाचं नाव आज आपण घेतो? पेसेलबाईंचा संग्रह म्हणताना त्यातलं काम पेसेलबाईंचं नाही, हे विसरायला होतं. आपल्या देवळातही हेच पाहते मी. वेदीवरच्या जरीच्या चंदव्यावर, शास्त्रांच्या वेष्टनांवर नाव भरलेलं असतं: अमुक यांच्या मातोश्रींच्या स्मरणार्थ. मातोश्रींचं नाव राहतं, तेही मुलाच्या नावामागून. ज्याने अड्ड्यावर मान मोडून ते नाव जरीत भरलं, तो कारागीर चौकाच्या मागच्या गल्लीत राहायचा आणि बहुतेक वेळा मुसलमान असायचा. देवाच्या डोक्यावर त्याच्या हातचं छत्र, हे कुणाला खटकलं नाही आणि कुणी लिहूनही ठेवलं नाही.

भोपाळचं हे जरीकाम बेगमांच्या काळात फुललं. १८१९ पासून १९२६ पर्यंत, शंभराहून जास्त वर्षं, या संस्थानावर एकामागून एक चार बेगमांचा अंमल होता: कुदसिया, सिकंदर, शाहजहान आणि सुलतानजहान. दरबार म्हटला की मखमल आली, मखमल आली की जरी आली. भोपाळचा बटवा तेव्हापासूनचा. मण्यांचा, सलमा-सिताऱ्याचा, ओढणीच्या गोंड्यांचा. पान-सुपारी ठेवायची ती पिशवी आज परदेशी बायका लग्नात मिरवतात. सिकंदर बेगमने मुलींसाठी व्हिक्टोरिया शाळा काढली आणि तिथे हस्तकला शिकवत. शेवटची सुलतानजहान बेगम बायकांच्या शिक्षणासाठी आयुष्यभर झटली. अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन १९२७ मध्ये पुण्यात भरलं तेव्हा अध्यक्ष होत्या बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड. पुढच्या वर्षी दिल्लीला अध्यक्ष होत्या भोपाळच्या सुलतानजहान. मराठी राणी आणि पठाण बेगम एकापाठोपाठ एका खुर्चीत बसल्या, हे आमच्या इतिहासाच्या पुस्तकात असायला हरकत नव्हती. राण्या-बेगमांची नावं राहिली. शिकवणाऱ्या उस्तानी गेल्या त्याच वाटेने, जिथे शिवणाच्या बाई जातात.

आणि मग १९८४. डिसेंबरच्या दोन आणि तीन तारखेमधली रात्र. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडला आणि जयप्रकाश नगर, काझी कॅम्प, छोला या वस्त्यांमधून जुन्या शहरात पसरला. हजारो माणसं गेली. उरलेल्यांची फुप्फुसं आणि डोळे गेले. पूर्ण नाही, अर्धे-मुर्धे. हा अर्धे-मुर्धेपणा महत्त्वाचा आहे. हमाली करणाऱ्याला दम लागू लागला म्हणजे हमाली संपली. दहा घरची धुणी-भांडी करणाऱ्या बाईला जिना चढता येईना. बसून करायचं काम तेवढं उरलं.

तेव्हा सरकारने गॅसपीडित बायकांसाठी शिवणकामाची केंद्रं काढली. ज्या बायका कधी उंबऱ्याबाहेर पडल्या नव्हत्या, पडल्या तर बुरख्यातून किंवा पदराआडून, त्या रोज सकाळी केंद्रावर जाऊ लागल्या. नगावर मजुरी मिळे. आणि १९८६ मध्ये केंद्र बंद करण्याची गोष्ट आली. मदत संपली, आता घरी जा. पेसेलबाई आणि थेसिजर यांच्यामधला तो जुना प्रश्न इथे भोपाळच्या रस्त्यावर उभा राहिला: हे औषध होतं, की काम? बायकांनी उत्तर दिलं. अब्दुल जब्बार नावाचा बोअरवेलचं काम करणारा तरुण त्यांच्याबरोबर होता. गॅसने त्याच्या घरातली माणसं नेली होती, त्याचे स्वतःचे डोळे आणि फुप्फुसं बिघडली होती. भोपाळ गॅसपीडित महिला उद्योग संघटन उभं राहिलं. नावातला 'उद्योग' हा शब्द बघा. घोषणा होती, 'खैरात नहीं, रोज़गार चाहिए.' दर शनिवारी यादगार-ए-शाहजहानी बागेत बायका जमत. एका बेगमच्या नावाची बाग, आणि तिच्यात मजुरी मागणाऱ्या बायका. वर्षानुवर्षं.

जब्बारभाईंनी पुढे स्वाभिमान केंद्र चालवलं. तिथे शिवण आणि जरी-जरदोजी शिकवत. १४ नोव्हेंबर २०१९ ला ते गेले. दुसऱ्या वर्षी पद्मश्री जाहीर झाली.

जरदोजी हे फुलीच्या टाक्यासारखं सोपं काम नाही. लाकडी अड्ड्यावर कापड तबल्याच्या चामड्यासारखं ताणायचं, खाली मांडी घालून बसायचं, वरच्या हातात आरी, खालच्या हातात दोरा. आरीच्या टोकाला केसाएवढा आकडा असतो. तो खाली जातो, दोरा पकडतो आणि वर येतो. दबका, नक्शी, सलमा, कटोरी, सितारा, प्रत्येकाची तार वेगळी, लकाकी वेगळी. यात मोजणी कमी आणि नजर जास्त. म्हणजे ज्या शहराचे डोळे गेले, त्या शहराच्या बायकांनी पोटासाठी धरलं ते डोळ्यांचं काम.

आमच्या चौकाच्या मागे राहणाऱ्या एक आपा यातल्याच. शिवणकेंद्रात शिवण शिकल्या, मग एका नात्यातल्या उस्तादाकडे जरी शिकल्या आणि मग पंचवीसेक वर्षं मोहल्ल्यातल्या मुलींना शिकवलं. मुली त्यांना आपाच म्हणत. फी कुणी दिली, कुणी नाही. मी त्यांना ओळखते ते ओढणीला काठ लावून घ्यायला जायची तेव्हापासून. त्यांच्या डोळ्यांतून अजून पाणी येतं. काम आता सुनेकडे; त्या खाटेवर बसून चुका काढतात.

पेसेलबाईंचं वाचल्यावर मी आपांना विचारलं, तुमच्या हातचं जुनं काही आहे का? त्या म्हणाल्या, "बिक गया भाभीजी. रखने के लिए थोड़े ही बनाते थे." बरोबरच होतं. मजुरीवर केलेल्या कामाचा संग्रह होत नसतो. ओढणी दुकानात गेली, दुकानातून मुंबईला, मुंबईहून कुणाच्या लग्नात. दहा वर्षांनी जर काळी पडली आणि मोलकरणीला दिली. विंचेस्टरच्या उशा निदान एका जागी झिजल्या.

इथे बेरसिया रोडला २०१४ मध्ये 'रिमेंबर भोपाळ' नावाचं एक लहानसं संग्रहालय सुरू झालं, सरकारचं नव्हे, पीडितांच्या बाजूचं. तिथे गॅसमध्ये गेलेल्यांच्या वस्तू ठेवल्या होत्या, आणि शेजारी टेलिफोनचा रिसीव्हर; तो कानाला लावला की त्या वस्तूच्या माणसाचा आवाज ऐकू येई. मला ती रीत फार आवडली. वस्तू कुणाची हे वस्तूनेच सांगायचं. पण ते मेलेल्यांचं झालं. जिवंत राहून तीस-चाळीस वर्षं आरी चालवणारीचं काय? तिचं काम शोकात मोडत नाही, कलेत मोडत नाही, उद्योग खात्याच्या अहवालात ती एक आकडा. लीड्सच्या संग्रहात चांगलं भरलेल्या तुकड्यांइतकेच अर्धवट सोडलेले, उलगडलेले तुकडेही मोलाचे ठरतात, कारण हात कसा चालला ते त्यांतच कळतं. तसे तुकडे आपल्याकडे कोण ठेवणार?

आपांच्या सुनेने ट्रंक उघडली, तेव्हा ओढणी-बिढणी काही नव्हतं, पण तळाशी एक जांभळ्या मखमलीचा हातभर तुकडा निघाला. मुलींना शिकवायचा. एका ओळीत दबका, दुसरीत सलमा, तिसरीत सिताऱ्याची जाळी, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी कुणा शिकणारणीने घातलेले वाकडे टाके. चार-पाच वेगवेगळे हात दिसत होते. आपा बोटाने चाचपून सांगत होत्या, ही अमकी, हिचं सिहोरला लग्न झालं. ही डावखुरी होती. हिने मध्येच सोडलं, दम लागायचा. तो तुकडा म्हणजे त्यांच्या शाळेचं हजेरीपुस्तक होतं.

मी म्हटलं, याला एक चिठ्ठी लावू या. पांढऱ्या पट्टीवर नाव, साल, मोहल्ला. सुनेने पट्टी आणली, पेन आणलं. नाव म्हणताच आपा जरा थांबल्या. नुकसानभरपाईच्या कागदांवर त्यांचं नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हेने लिहिलं गेलं होतं. रेशनकार्डावर एक, इस्पितळाच्या कार्डावर दुसरं, दाव्यावर तिसरं. पंचवीस हजार रुपयांसाठी त्या नावाने त्यांना किती चकरा मारायला लावल्या, ते त्यांनी सांगितलं आणि मग सुनेला एकेक अक्षर उर्दूत सांगून, मला हिंदीत लिहायला लावून, दोन्हीकडे तपासून घेतलं. 'छापायला देऊ नका,' म्हणाल्या. म्हणून इथे देत नाही. पट्टीवर आहे.

सून पट्टी शिवायला घेणार, तेवढ्यात आपांनी तुकडा काढून घेतला. सिताऱ्याच्या ओळीत एक टाका त्यांच्या स्वतःच्या हातचा सैल होता म्हणे. त्यांनी चष्मा चढवला, डोळे पुसले आणि सुईच्या टोकाने तो उसवायला लागल्या.